शेठला हसायचं नाही

गोष्टीतल्या श्रीमंत माणसाचा प्रेमभंग झाला की मला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. एवढा मोठा बंगला, दारात गाडी, हाताखाली माणसं, आणि हा खिडकीत बसून उसासे टाकतोय! अरे, ऊठ, चार कामं कर, असं त्या पुस्तकाच्या पानालाच सांगावंसं वाटायचं. मी नाशिकला दोन खोल्यांत वाढले. आमच्याकडे कुणाला उसासे टाकायला स्वतंत्र खिडकी नव्हती.

तरी एका कादंबरीतल्या शेठसाठी मी कॉलेजात असताना ढसाढसा रडले होते. का रडले, याचा विचार मात्र कधी केला नव्हता. तो करायची वेळ आली कॅनडात, ओकव्हिलमध्ये, दोन हजार सात-आठच्या सुमाराला. कारण झालं आमच्या मंडळाचं दिवाळीतलं अभिवाचन.

आमचं मंडळ म्हणजे आसपासच्या गावांतली मराठी कुटुंबं. दिवाळी उलटून गेल्यावर एका शनिवारी शाळेचा हॉल भाड्यानं घ्यायचा, मुलांचे नाच, मग अभिवाचन, मग जेवण. अभिवाचनाला पाठांतर नाही, हालचाल नाही. स्टेजवर खुर्च्या मांडायच्या, हातात कागद घ्यायचे आणि वाचायचं. इथं कुणाला तालमींना वेळ आहे? वेळ चाळीस मिनिटं, त्यापुढे एक मिनिट नाही. आमच्या सेक्रेटरीबाई घड्याळ घेऊन विंगेत उभ्या राहत. "पुढे मसालेभात गार होतो गं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. संहिता करायचं काम माझ्याकडे असायचं, कारण "तुला काय, तू घरीच असतेस." घरी असते म्हणजे मी लोळत असते, असा एकूण समज!

त्या वर्षी कादंबरी सुचवली डॉक्टरांनी. डॉक्टर म्हणजे सत्तरच्या दशकात इकडे आलेले सर्जन. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं अमेरिकेत, आणि राहायला लेकच्या, म्हणजे इथल्या तळ्याच्या, काठावर एवढं मोठं घर की नवीन माणूस वॉशरूम शोधताना हमखास चुकायचा. पुस्तक माझ्या सासूबाईंचं होतं. नाशिकहून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या तेव्हा लोणच्याच्या बरण्यांच्या मध्ये खोचून त्यांनी ते आणलं होतं. डॉक्टरांनी ते वाचायला नेलं आणि परत देताना म्हणाले, "यंदा हे करू या. शेठ मी वाचतो."

मी घाईघाईनं विषय बदलला. त्याचं कारण सांगायला हवं.

डॉक्टर दर गुरुवारी सासूबाईंना फिरायला न्यायला यायचे. लेकच्या काठानं चालायचं, कॉफी प्यायची, लायब्ररीत जायचं, जेवायच्या आत घरी. सासूबाईंना गाडी येत नव्हती. गाडी न येणारं माणूस इथं ड्राइव्हवेपर्यंतच स्वतंत्र असतं. माझा नवरा सकाळी गो ट्रेननं, म्हणजे इथल्या लोकलनं, टोरांटोला जायचा, मुलगी शाळेत, आणि मी बोलायला असले तरी सुनेशी किती बोलणार! गुरुवारी त्या सकाळपासूनच वेगळ्या असायच्या. पदर दोनदा पिन करायच्या, वरून पार्का, म्हणजे थंडीचा जाड कोट, घालून तो झाकून टाकायच्या, आणि तरी पिन करायच्या.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्यांना लग्नाचं विचारलं आणि त्यांनी नाही म्हटलं. हे सासूबाईंनीच आम्हाला सांगितलं, टॉवेलच्या घड्या घालता घालता. नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, आईला मागणी आली म्हणून कानापर्यंत लाल! तो लॉन मोअर काढायला गेला, सकाळीच गवत कापलेलं असून.

त्यानंतरच्या गुरुवारी डॉक्टर आले नाहीत. सासूबाईंनी त्या दिवशी घरातली सगळी कपाटं आवरली. माझंही आवरलं, मी नको म्हणत असताना. पुढच्या गुरुवारी गाडी वाजली आणि त्या जिन्यावरून अशा उतरल्या की मी ओरडले, "आई, सावकाश! गुडघा!"

ही गोष्ट घरात राहिली असती तर प्रश्न नव्हता. पण डॉक्टरांनी एका मित्राला सांगितलं, मित्रानं बायकोला, आणि बायकोला सांगणं म्हणजे मंडळाच्या ईमेल लिस्टवर टाकणं. मग काय! "नवरदेव आले का?" "हुंड्यात लेक देणार होते म्हणे, अख्खा लेक!" सेक्रेटरीबाई तर मला ग्रोसरीच्या दुकानात भेंडी निवडताना म्हणाल्या, "तुझ्या सासूबाईंनी संधी घालवली गं. इनडोअर पूल आहे." मी हसले. काय करणार? पण भेंडी तिथंच टाकून आले.

आणि आता हे डॉक्टर स्टेजवर बसून, सगळ्या मंडळासमोर, प्रेमात हरलेल्या श्रीमंत माणसाचं वाचन करणार होते.

कादंबरी साधी आहे. तालुक्याचं गाव. तेलगिरणीचा मालक असलेला मध्यम वयाचा शेठ. शाळेत नव्यानं आलेल्या एका बाई. शेठ त्यांना लग्नाचं विचारतो, त्या नाही म्हणतात, आणि तो उरलेलं आयुष्य त्याच गावात, त्यांच्यापासून चार गल्ल्या अंतरावर काढतो. तीनशे पानं. त्यातून चाळीस मिनिटं काढायची.

अभिवाचन करणाऱ्यांचा एक नियम असतो. संवाद ठेवा, निवेदन कापा. लोकांना बोलणी ऐकायला आवडतात, वर्णनाला लोक खोकायला लागतात. मीही तेच केलं. शेठचे संवाद सगळे ठेवले, बाईंचे ठेवले. बंगला, गिरणी, गाडी, नोकरचाकर सगळं उडवलं. श्रीमंती कमी केली की माणूस आपल्यातला वाटेल, असा माझा हिशेब. त्याला हसणारं गावही उडवलं, कारण उगाच पात्रं वाढतात. छान आटोपशीर झालं, असं मी स्वतःलाच म्हणाले.

पहिलं वाचन आमच्या बेसमेंटमध्ये झालं. डॉक्टर शेठ, सेक्रेटरीबाई शाळेतल्या बाई, माझा नवरा शेठचा मुनीम, आणि जे काही थोडं निवेदन उरलं होतं ते मी. डॉक्टरांचा आवाज चांगला होता, घोगरा, थांबत थांबत वाचणारा. तिसऱ्या पानावर शेठचं वाक्य आलं, "माझ्याजवळ सगळं आहे हो. तुम्ही तेवढ्या नाही आहात."

सेक्रेटरीबाईंना हसू फुटलं. त्यांनी तोंडावर कागद धरला, पण कागद हलायला लागला. मग माझा नवरा हसला. त्याला असं अवघडल्यासारखं झालं की हसूच येतं, लग्नातही आलं होतं. आणि मग, देवा, डॉक्टरही हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "भलताच रडका आहे बुवा हा!" पुढची पानं त्यांनी घाईघाईनं संपवली आणि विंटर टायर्स लावायची अपॉइंटमेंट आहे म्हणून निघाले. रविवारी कोण टायर्स लावतं?

सासूबाई चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर उभ्या होत्या. किती ऐकलं होतं कोण जाणे. सगळे जाईपर्यंत त्या तिथंच थांबल्या. मग ट्रे टेबलावर ठेवून नवऱ्याला आणि मला समोर उभं केलं.

"मी त्यांना नाही म्हटलं, ते माझं मी म्हटलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हसायला दिलेलं नाही."

नवरा पुटपुटला, "आई, तसं नव्हतं गं."

"तसंच होतं. बेसमेंटमध्ये तिघं हसले. हॉलमध्ये दोनशे हसतील. मग तो माणूस पुन्हा आपल्या दारात पाऊल ठेवेल का? मला इथं दुसरं आहे कोण?" आणि त्या रडायला लागल्या. सासरे गेले तेव्हाही त्यांना असं उभ्या उभ्या रडताना मी पाहिलं नव्हतं. 

त्यात भर म्हणून आमची लेक. ती पंधरा वर्षांची होती, मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. सोफ्यावर बसून तिनं सगळं ऐकलं होतं. "आजी, द सेठ गाय इज सो क्रीपी," ती म्हणाली. "शी सेड नो. व्हाय डझ ही कीप आस्किंग?"

मी म्हटलं, "कीप आस्किंग काय? तो एकदाच विचारतो."

"नो, आई. थ्री टाइम्स."

मी कागद चाळले आणि कपाळाला हात लावला. कादंबरीत शेठ बाईंशी तीनदा बोलतो. एकदा मागणी घालतो, मग चार वर्षांनी बाईंचा भाऊ आजारी असताना, आणि शेवटी म्हातारपणी. मधली सगळी वर्षं निवेदनात होती. मी ती कापली आणि तिन्ही बोलणी एकापुढे एक ठेवली. झालं! जन्मभर अंतर राखून राहिलेला माणूस माझ्या कागदावर बाईंच्या मागे हात धुऊन लागलेला दिसत होता. आणि बाई? त्यांची कारणंही निवेदनातच होती. ती गेल्यावर त्या नुसत्या दगड वाटत होत्या. म्हणजे मी शेठला हास्यास्पद केलं होतं आणि नाही म्हणणाऱ्या बाईला निर्दय. घरात सासूबाई असताना!

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. घसा बसलाय, शेठ दुसऱ्या कुणाला द्या. आवाज खणखणीत होता. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. "घसा बसला असेल तर हळू वाचा," त्या म्हणाल्या. "पण वाचा. आम्ही नवं लिहून काढतोय." फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "पुस्तक आण."

नवरा ऑफिसला, लेक शाळेत. आम्ही दोघी किचनच्या टेबलाशी बसलो. त्या मेथी निवडत होत्या, मी मोठ्यानं वाचत होते, आणि जिथं ठेवायचं तिथं त्या नुसतं "हे" म्हणत. त्यांनी ठेवायला लावलेली पानं पाहून मी चक्रावले. सगळी श्रीमंतीची!

शेठची मोटार शाळेवरून जाते तेव्हा बाईंना धुळीत उतरून बाजूला उभं राहावं लागतं. मागणी नाकारल्यावर शेठ ड्रायव्हरला सांगतो, उद्यापासून नदीकडून घे. लांबचा रस्ता, खड्ड्यांचा. ड्रायव्हरला वाटतं, शेठला कुणाची तरी भीती बसलीय. "हे," सासूबाई म्हणाल्या.

शेठ शाळेला इमारत बांधून देतो. गॅदरिंगला त्याला पहिल्या रांगेत मधोमध बसवतात, गळ्यात हार. बाई मागे, दाराशी, पोरांना रांगेत उभं करतायत. ज्यांना बघायला मिळेल म्हणून तो आला, त्या मागे आहेत. आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्याला मान वळवून मागे बघता येत नाही. अख्खा कार्यक्रम तो समोर बघत बसतो. लेखकानं पुढे एक शब्द लिहिलेला नाही. त्याला दुःख झालं, असंसुद्धा नाही.

"हे," सासूबाई म्हणाल्या, आणि मेथीची काडी हातात तशीच राहिली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी कॉलेजात रडले होते ते शेठच्या बोलण्यावर नव्हे. त्याची बोलणी साधारणच आहेत. लेखक त्याला भरपूर देतो, गाडी, बंगला, पहिली रांग, आणि मग दाखवतो की यातलं काहीच कामाचं नाही, उलट आडवंच येतं. गरीब माणूस निदान मागच्या रांगेत बसून मान वळवू शकला असता. मी श्रीमंती काढून घेतली आणि त्याच्यापाशी नुसते उसासे ठेवले. उसाशांना लोक हसणारच. मीही जन्मभर हसतच आले होते की!

"आणि गाव का काढलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"पात्रं वाढतात, आई."

"वाढू देत. गाव त्याला हसतं ना? पारावर बसून नावं ठेवतं. ते वाचताना मला त्या गावाचा इतका राग आला होता, म्हणून मी शेठच्या बाजूनं झाले. गाव नसेल तर हसायचं काम ऐकणाऱ्यांवरच येणार."

 मराठी घेऊन एम. ए. मी केलेलं, त्या बँकेत मॅनेजर होऊन निवृत्त झालेल्या, हिशेबात पक्क्या. पण कादंबरीबद्दल त्या इतकं कधी बोलल्या नव्हत्या. "मग गाव वाचणार कोण?" मी विचारलं.

"तुमच्या सेक्रेटरीबाईंना द्या. त्यांना सराव आहे."

आम्ही दोघी इतक्या हसलो की मेथी खाली सांडली. हसण्याच्या भरात मी धीर करून विचारून टाकलं, "आई, मग तुम्ही डॉक्टरांना नाही का म्हणालात?"

त्या खाली वाकून पानं गोळा करत राहिल्या. "ते मला आवडतात गं," त्या म्हणाल्या. "खूप आवडतात. पण तुझ्या सासऱ्यांचं अकरा वर्षं केलं. औषधं, पथ्य, अंघोळ, सगळं. प्रेमानं केलं. आता मला पुन्हा कुणाच्या गोळ्या वेळेवर द्यायच्या नाहीत. आणि डॉक्टरांनी माझ्या द्यायच्या, हेही नको. गुरुवारी भेटावं, पोटभर बोलावं, आपापल्या घरी यावं. हे त्यांनाही सांगितलंय मी. ते म्हणाले, बरं. त्यांना वाईट वाटलं. मलाही वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून काय लग्न करायचं?"

कादंबरीतल्या बाईंची कारणं वेगळी होती, पण तीही मी त्या दिवशी शब्द न् शब्द परत आणली. चाळीस मिनिटांची साठ झाली. भात गार होऊ दे, गेला खड्ड्यात, असं ठरवून टाकलं.

शनिवारी हॉल खच्चून भरला. शाळेतल्या बाईंचं काम ऐन वेळी मी घेतलं होतं, निवेदन नवऱ्याकडे दिलं आणि मुनिमाला कात्री लावली. डॉक्टर मधल्या खुर्चीत, चॉकलेटी कोट घालून, कागद दोन्ही हातांनी धरलेले. सासूबाई प्रेक्षकांत कुठंतरी होत्या, पण दिव्यांमुळे मला काही दिसत नव्हतं.  हसले तर काय? शेठला हसले तर संपलंच.

सेक्रेटरीबाईंनी गाव झोकात सुरू केलं. "शेठजीला म्हणावं, तेल लावून बघा, बाई घसरतील!" आणि हॉल हसला. मनापासून, मोठ्यानं.  सासूबाईंचा हिशेब चुकला, मेलो आपण, असं वाटलं. सेक्रेटरीबाईंना जोर चढला. "एवढ्या मोठ्या घरात एकटा काय करतो हो? आरशाशी बोलत असेल." पुन्हा हशा, पण मघापेक्षा कमी. तिसऱ्या टोमण्याला पुढच्या रांगांत कुणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं. हे शब्द सगळ्यांच्या ओळखीचे होते. पारावरचे नव्हते ते, आमच्या पॉटलकच्या पंगतींतले होते. वाचता वाचता सेक्रेटरीबाईंचा स्वतःचाच आवाज खाली आला. पुढचं वाक्य त्यांनी जवळजवळ पुटपुटत वाचलं.

मग नवऱ्यानं नदीकाठचा रस्ता वाचला. मग पहिली रांग. नवऱ्याला कधी धड वाचता येत नाही, पण सपाट वाचत गेला तेच बरं झालं. कुणी खोकलं नाही. आणि त्यानंतर डॉक्टरांचं वाक्य आलं, तेच, "माझ्याजवळ सगळं आहे हो. तुम्ही तेवढ्या नाही आहात." आता ते कादंबरीत असतं तिथं होतं, म्हातारपणी, शेठ एकटाच बसून मनातल्या बाईंना सांगतो तिथं. डॉक्टरांनी ते कुणाकडेही न बघता वाचलं, हिशेब सांगावा तसं. हॉलमध्ये हीटरचा आवाज तेवढा ऐकू येत होता. दोनशे माणसं, त्यात शंभर पोरं, आणि कुणीही हसलं नाही! माझा जीव भांड्यात पडला तो असा की पुढचं माझं वाक्यच मी विसरले. कागद हातात असून!

टाळ्या खूप वाजल्या. पण मला टाळ्यांचं काही नव्हतं. मी स्टेजवरून उतरले ती थेट जेवणाच्या टेबलामागे जाऊन वाढायला उभी राहिले, कारण हाताला काम हवं होतं. भात गार झालाच होता. तक्रार कुणी केली नाही.

रांगेत सासूबाई आल्या, मागे डॉक्टर. मंडळात त्या दोघांनी कधी एका रांगेत जेवण घेतलं नव्हतं, लोक बोलतील म्हणून. सेक्रेटरीबाई माझ्या शेजारी कोशिंबीर वाढत होत्या. डोळे लाल झाले होते त्यांचे, पण स्वभाव कुठं जातो? वाकून म्हणाल्या, "काकू, मग आता काय विचार?"

दहा-बारा माणसांचे हात ताटावर थांबले. डॉक्टर ताटाकडे बघायला लागले.

"विचार तोच," सासूबाई म्हणाल्या. आवाज मुद्दाम मोठा, मागच्यालाही ऐकू जावा असा. "लग्न करायचं नाही. पण डॉक्टर माझे आहेत. ज्याला हसायचं असेल त्यानं माझ्या तोंडावर हसावं."

 डॉक्टरांनी चष्मा काढला, या वेळी पुसायला खरंच कारण होतं, आणि ताट माझ्यापुढे केलं.

"मला थोडा जास्त वाढ," ते म्हणाले. "आज भूक लागलीय."

मी दोन डाव भात वाढला आणि वरून आणखी एक. मग मागे वळून भांड्यांच्या आड उभी राहिले आणि त्या शेठसाठी कॉलेजात रडले होते तसं रडून घेतलं.